नाही सापडलं

३ मार्च, मंगळवार

ही वही डॉक्टरबाईंनी ठेवायला सांगितली म्हणून. रोज संध्याकाळी आठला उजव्या डोळ्यात एक थेंब टाकायचा आणि टाकला की लगेच लिहायचं. नाहीतर माणसं विसरतात, म्हणाल्या, आणि वर शपथेवर सांगतात की टाकला होता. मी विसरणाऱ्यांतली नाही, पण ते त्यांना कोण सांगणार. पहिला थेंब, आठ वाजून दोन मिनिटं. अर्धा गालावर गेला.

गेले होते चष्म्याचा नंबर वाढलाय का बघायला. सुई ओवायला वेळ लागतो, एवढीच तक्रार. समोरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली, तेव्हा वाटलं सुटले. मग त्यांनी निळा दिवा डोळ्याला टेकवला. उजव्यात दाब एकतीस, डाव्यात बावीस. उजव्याची नस बरीच खराब झालेली. काचबिंदू. मोतीबिंदू नाही ना, मी दोनदा विचारलं, कारण तो काढता येतो. हा काढता येत नाही. गेलं ते गेलं, उरलंय ते राखायचं.

"घरात कुणाला होता?"

बाबांना होता. अकरा वर्षं होते ते माझ्याजवळ, ठार आंधळे. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला हूक मारून मी दोरी बांधली होती, ती धरून जायचे. दोरी गेली, हूक आहेत. आम्ही त्यांना पिशव्या अडकवतो.

"मुलं?"

"एक मुलगी. तीस वर्षांची."

"तिला घेऊन या. वय लहान आहे म्हणून सोडू नका."

मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं. पण मी तिला सांगणार नाहीये. पंचवीस मेला ती दुसऱ्या शहरात जाते आहे, मोठी बस चालवायला शिकायला. तीन महिने शिकायचं, मग तिथेच नोकरी. बेकरीच्या गाडीवर सहा वर्षं माल पोचवून पोचवून आता कुठे हे पदरात पडलंय. माझं कळलं तर ती जाणार नाही. हे मी खात्रीने लिहिते, कारण बाबांपायी मीही गेले नव्हते. एका मोठ्या नाटकघरात कपडेपटाच्या दुरुस्तीची जागा होती माझ्यासाठी. त्यांनी चार महिने वाट पाहिली. मग त्यांनीही सोडलं, आणि मी लाँड्रीच्या मागच्या खोलीत रफू करायला बसले. तेवीस वर्षं झाली. खोलीला खिडकी नाही.

५ मार्च, गुरुवार

लाँड्रीच्या मालकांना माझी दाढ दुखते म्हणून सांगून पुन्हा दवाखान्यात.

आज एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, एक डोळा झाकलेला, हातात बटण. वाडग्यात बारीक बारीक ठिपके चमकतात. दिसला की दाबायचं. मला हसूच आलं, कारण आयुष्यभर हेच केलंय. लोकरीचं कापड उजेडावर धरायचं आणि कुठून उजेड येतो ते ओळीने बघत जायचं. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून खालपर्यंत. तशीच बघत गेले, एक ठिपका सुटू दिला नाही.

यंत्रावरची मुलगी कागद बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही नजर फिरवलीत. मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं होतं. हा कागद काही कामाचा नाही."

"मग बाजूचं दिसणार कसं?"

"तेच तर बघायचंय, दिसतं का ते. शोधायचं नाही."

म्हणजे मला जे येतं नेमकं तेच करायचं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा. दाढ अजून एक आठवडा दुखणार.

थेंब आठला. बरोब्बर डोळ्यात.

१२ मार्च, गुरुवार

आज नजर हलवली नाही. मान आखडली, डोळ्याला धार लागली, तरी नाही हलवली. कागदावर उजव्या डोळ्याचं वरचं अर्धं करडं आलंय, जळमटासारखं.

"पण मला तर काळं काही दिसत नाही," मी म्हणाले.

"दिसणारच नाही. जिथलं दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं घेऊन भरून काढतो. भिंत असेल तर भिंत, आकाश असेल तर आकाश. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही."

"म्हणजे रफू."

डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, हो, आणि फार चांगलं. मग परत मुलीचं विचारलं. मी म्हटलं, ती गाडीवर असते, सुट्टी मिळत नाही. यातलं एकही अक्षर खोटं नाही.

२१ मार्च, शनिवार

थेंबाने डोळा लाल होतो आणि पापणी खाजते. लेकीला सांगितलं, डोळे आलेत, जवळ येऊ नकोस.

आज तिने गाडीचा डावा आरसा फोडून आणला. दोन महिन्यांतला दुसरा. खांब मध्ये आला, म्हणे. खांब आधीपासून तिथेच होता, मी म्हटलं, तूच मध्ये गेलीस. मी तिला धांदल म्हणते ते काही उगीच नाही. दाराच्या चौकटीला खांदा, टेबलाच्या कोपऱ्याला मांडी, सकाळी भरलेला पेला कोपराने पाडला. लहानपणी अशी नव्हती. बाबांना हाताला धरून रस्ता ओलांडून न्यायची, सात वर्षांची असताना. मोठेपणी माणसाचं डोकं दहा ठिकाणी असतं, त्याचा हा परिणाम.

बसवाल्यांच्या डॉक्टरने तिचे डोळे तपासले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं, असं सांगत होती. बरं वाटलं. म्हणजे तिला काही नाही. आता डॉक्टरबाईंनी विचारलं तर सांगता येईल.

थेंब आठ वाजून दहा मिनिटं. ती मोरीत जाईपर्यंत थांबावं लागलं.

२९ मार्च, रविवार

आज खूश आहे मी.

एका गिऱ्हाइकाचा करड्या लोकरीचा कोट आलाय, बाहीला कसर लागून वाटाण्याएवढं भोक. घरी आणला होता. आतल्या शिवणीत शिंप्याने माया ठेवलेली असते, जादा कापड, त्यातलेच धागे ओढून काढायचे आणि त्याच कापडाच्या विणीने उभे-आडवे भरायचे. दुसरा धागा कितीही जुळता आणा, उन्हात उघडा पडतो. चार तास लागले. उजवा डोळा मिटूनच केलं बरंचसं, तरी डोळ्यांतून पाणी.

मग आमचा खेळ. ही सात वर्षांची होती तेव्हापासूनचा. रफू झालं की कापड तिच्यापुढे टाकायचं आणि म्हणायचं, शोध. मी वीस आकडे मोजते. तेवढ्यात सापडलं तर मी उसवून पुन्हा करते. लहानपणी दहाच्या आत बोट ठेवायची कारटी. रडवलंय मला तिने.

आज वीसच्या वर पाच मोजले. कोट उलटापालटा केला, बाही दोनदा हातातून गेली.

"नाही सापडलं, आई."

मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, डोळे आलेत ना तुझे, आणि तरी हलली नाही.

माझा हात शाबूत आहे, एवढंच कळायला हवं होतं. डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

२ एप्रिल, गुरुवार

कोटवाल्याने काउंटरवर कोट हातात घेतला, आणि घेता घेताच म्हणाला, "हे काय?" बाहीवर बोट. शोधलंसुद्धा नाही त्याने. मालकांनी मला हाक मारली. मी चष्म्यावर भिंग लावून बघितलं. आडवे धागे एकीकडे तिरपे गेलेत आणि कडेला उंचवटा आलाय, मुंगी चावल्यासारखा. शिकाऊ पोरीने केलं तर मी तिला हाकलून देईन असं काम.

मालक माणूस भला. ओरडले नाहीत. "ताई, काही दिवस बटणं आणि अस्तरं बघा," एवढंच म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

खोलीत येऊन बटणांचा डबा पुढ्यात घेऊन बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तिला दिसलं होतं. आंधळ्यालाही हाताला लागलं असतं ते, तिला दिसलं नाही? दिसलं, आणि खोटं बोलली. माझी कीव केली तिने. म्हणजे तिला माझ्या डोळ्याचं कळलंय. थेंबाची बाटली मी साखरेच्या डब्यामागे ठेवते, तिथे तिचा हात गेला असणार.

तर आता दोघी एकमेकींना चुना लावतोय. ती जाणार नाही म्हणेल, मी वाट बघतेय.

९ एप्रिल, गुरुवार

थेंब टाकूनही दाब सव्वीस. पापण्या सुजलेल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, लेझर करू. उजवा आधी.

भाजायचं का, मी विचारलं. भाजायचं नाही. डोळ्यात पाणी तयार होतं आणि एका जाळीतून बाहेर जातं. जाळी तुंबली की दाब वाढतो. लेझरचे बारीक ठिपके जाळीवर मारले की ती हळूहळू मोकळी होते. पाच मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. परिणाम कळायला महिना-दीड महिना. दर दहांत सात-आठ जणांना फायदा, आणि काही वर्षांनी परत करावं लागू शकतं. गेलेली नजर त्याने येणार नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी बहिरी नाही, पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर खरं वाटलं.

"मुलगी आली का बरोबर?"

"परगावी असते."

हे मात्र खोटं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

झालं.

आधी थेंब, मग बधिर करायचा थेंब, मग तेच, हनुवटी टेकवा, कपाळ लावा. या वेळी डोक्यामागून पट्टा. डोळ्यावर चिकट काहीतरी लावून काचेचं भिंग बसवलं, पापणी मिटायची सोय नाही. हिरवा उजेड. टक, टक, टक. शंभर ठिपके, त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मोजत होते. मध्ये मध्ये टाचणी टोचल्यासारखं. दुखणं नव्हतंच फारसं. पण मागे सरता येत नाही, डोळा मिटता येत नाही, मान वळवता येत नाही. साठाव्या टकला वाटलं उठून पळावं. मग बाबा आठवले, दोरीच्या टोकाला उभे राहून विचारायचे, अगं आता पुढे काय आहे? काही नाही बाबा, भिंत आहे.

नंतर तासभर दाब बघायला बसवून ठेवलं. शेजारी एक टकले गृहस्थ, दोन बहिणींबरोबर. तिघांनाही काचबिंदू. आमचं कुटुंबसवलतीत चाललंय, म्हणाले. मग धाकटी म्हणाली, "दादाला कळल्यावर त्याने आम्हाला ओढत आणलं. भांडले मी त्याच्याशी. माझा डावा निम्मा गेलाच होता, मला पत्ता नाही." ती माझ्याकडे बघून हसली. मी डोळ्यावर रुमाल धरला.

घरी सांगितलं, कचरा गेला डोळ्यात.

१९ एप्रिल, रविवार

लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. "आई, तुझ्या उजव्या डोळ्याच्या पापण्या लांब झाल्यात. एकाच."

थेंबांनी होतं ते, बाईंनी सांगितलं होतं. मी म्हटलं, "वय झालं की कुठेही काहीही उगवतं."

ती हसली खूप. मला हसू आलं नाही. खडे टाकून बघतेय माझ्याकडून काही निघतंय का. मीही कच्च्या गुरूची चेली नाही. तोंडाला कुलूप.

३ मे, रविवार

तिने बसचं पुस्तक आणलंय, जाडजूड. मला चित्रं दाखवत होती. चाळीस माणसं बसतात म्हणे. मी ऐकत होते आणि दिवस मोजत होते. बावीस राहिले. ती गेली की या घरात मला थेंब लपवून टाकावा लागणार नाही. आणि ती गेली की या घरात मी एकटी. दोन्हींची भीती वाटते आणि दोन्ही हवंय. कुणाला सांगू.

१४ मे, गुरुवार

दाब सतरा. डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजव्याचा थेंबही बंद करून बघायचा. मालकांना परवा एक शाल दाखवली होती, ते म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून रफूला बसा.

मग बाईंनी खुर्ची पुढे घेतली. "मुलगी काय काम करते तुमची?"

"गाडी चालवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिला फोन मी करू का?"

"ती पंचवीसला जाते आहे," मी म्हटलं, परगावी असते हे आधीचं विसरून. "तिथे पोचली, स्थिर झाली, की पत्र लिहून सांगते. तिथेही डॉक्टर असतील."

अकरा दिवस. एवढे काढले, अकरा काय जड आहेत.

१७ मे, रविवार

हे नीट लिहायला हवं.

ती बॅग भरत होती. मला राहवलं नाही. जाताना एकमेकींशी खोटं नको, असं वाटलं. म्हटलं, "तुला माहीत होतं ना? मार्चमध्ये तो करडा कोट. रफू दिसलं होतं तुला, तरी नाही म्हणालीस."

"कुठला कोट?" मग आठवला. "नव्हतं दिसलं, आई."

"बाहीवर होतं. एवढालं टेंगूळ."

"अगं खरंच नाही. मला तर गेली दोन वर्षं तुझं एकही सापडत नाही. मला वाटलं, तुझा हात सुधारला."

ती बॅगेत मोजे कोंबत होती. तेवीस वर्षं बसलेला हात माझा, दोन वर्षांत तो काय सुधारणार होता.

मी तिला स्टुलावर बसवलं. कशाला, काय चाललंय, विचारत होती. उजव्या डोळ्यावर तळहात ठेव, म्हटलं, आणि डाव्याने माझ्या नाकाकडे बघ, दुसरीकडे बघायचं नाही. शिंपीखडू घेतला, पांढरा, आणि तिच्या डाव्या बाजूने हळूहळू पुढे आणायला लागले. माझ्या उजव्या डोळ्याच्या कागदावर जे होतं ते ठाऊक होतं, म्हणून मी स्वतःवर आधी करून पाहिलं होतं महिनाभरापूर्वी. मला डाव्या डोळ्याने तो कानाच्या रेषेच्या जरा पुढे आला की दिसतो.

खडू तिच्या कानाच्या पुढे आला. डोळ्याच्या कोपऱ्याशी आला. गालासमोर आला.

"दिसला की सांग."

"आण तरी आधी," ती म्हणाली. "किती वेळ बसू?"

खडू माझ्या नाकापासून वीतभर होता.

मग मी सगळं सांगितलं. तीन मार्चपासून. बाबांपासून. नाटकघराचंही सांगितलं, जे तिला कधी सांगितलं नव्हतं. ती स्टुलावरून उठली नाही. म्हणाली, "अडीच महिने. अडीच महिने मी रस्त्यावर गाडी चालवत होते, आई. शाळेसमोरून जाते मी रोज."

मी म्हटलं, तू जावीस म्हणून. ती म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं?"

गाडीची किल्ली तिने हुकावर अडकवली, बाबांच्या. आत जाऊन दार लावून घेतलं. वही ठेवायला सांगितली त्या दिवशीच मला हे करता आलं असतं, पाच मिनिटांचं काम, खडू कायम माझ्या खिशात असतो.

१८ मे, सोमवार

गुरुवारपर्यंत थांबलो नाही. डॉक्टरबाईंनी मध्येच घेतलं. डाव्यात दाब छत्तीस, उजव्यात एकोणतीस. येताना बसमध्ये ती दोन बाकं पुढे बसली.

वाडग्याच्या खोलीत यंत्रावरच्या मुलीने तिला बसवलं, हनुवटी टेकवली, आणि सांगायला तोंड उघडलं. मी मध्येच बोलले. म्हटलं, "समोरच्या पिवळ्या दिव्याकडे बघ. नजर फिरवू नकोस. शोधू नकोस."

सात वर्षांची होती तेव्हापासून मी तिला शोध, शोध म्हणत आले.

तिने मान हलवली नाही, हलवायची नसतेच. "बरं," म्हणाली. मला बाहेर बसवलं. दाराआडून बटणाचा आवाज येत होता. टक. टक. मग कितीतरी वेळ काही नाही.

२१ मे, गुरुवार

दोन्ही डोळ्यांना लेझर झालं तिच्या. शिवाय थेंबही. बाईंनी सांगितलं, डाव्याचं गेलेलं आहे ते गेलं. मधलं दोन्हींचं चांगलं आहे, ते राखायचं. गाडी नाही. बस तर नाहीच. बाईंनी तिलाही तीनदा सांगितलं.

तिने बसवाल्यांना स्वतः फोन केला. बेकरीत आता काउंटरवर बसणार आहे, म्हणते. बॅग अजून भरलेलीच आहे, दाराजवळ. त्या बॅगेला ती दोनदा ठेचकाळली. मी सरकवत नाही, तिने म्हटल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

सोमवारच्या त्या एका 'बरं'नंतर माझ्याशी बोलली ती आज पहिल्यांदा. "बाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. तुझी आहे ना एक? तीच आण, त्यातच लिहू दोघींचं, माझा थेंब, तुझा दाब."

तर वही द्यायची आहे. मधली पानं शिलाईपासून अशी सोडवता येतील की कुणाला कळणार नाही, तेवढं कसब आहे माझ्यात. धांदल म्हणून लिहिलंय, चौकटीचं, आरशाचं, खोटं बोलताना जीभ अडखळली नाही तेही. कात्री हातात घेतली होती. परत ठेवली. वाचू दे. एकदा तरी तिला सगळं सापडू दे.

आठला पाच मिनिटं आहेत. बाहेरून विचारतेय, आणतेस का. आणते म्हटलं.